ॲस्टनमधली काळी एक

सकाळचे नऊ वाजलेत. तुम्ही बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागात उभे आहात आणि साल आहे १९६९. हा भाग डोळे मिटूनही ओळखता येतो. एचपी सॉसच्या कारखान्यातून व्हिनेगरचा आंबट दर्प येतो, ॲन्सेल्सच्या ब्रुअरीतून भिजलेल्या माल्टचा. एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या विटांच्या घरांची रांग मध्येच तुटते आणि तिथे गवत माजलेली मोकळी जागा दिसते. तिथली घरं दुसऱ्या महायुद्धात जर्मन बॉम्बफेकीत पडली. ज्यांना भेटायला तुम्ही आला आहात ती चार पोरं युद्ध संपल्यावर जन्मली, पण त्यांचं लहानपण याच ढिगाऱ्यांवर खेळण्यात गेलं.

एक व्हॅन येऊन थांबते. चालवणारा उंच, मिशीवाला, गंभीर चेहऱ्याचा. टोनी आयोमी, वय एकवीस. बाकीच्या तिघांना घरोघरी जाऊन उठवण्याचं आणि गोळा करण्याचं कामही त्याचंच. डोळे चोळत उतरतात ते गीझर बटलर, बिल वॉर्ड आणि ऑझी ऑस्बोर्न. त्यांच्या बँडचं नाव सध्या ‘अर्थ’ आहे आणि ते ब्लूज वाजवतात, त्या काळात इंग्लंडमधली शेकडो पोरं वाजवत होती तसाच. ॲस्टनमधल्या एका कम्युनिटी सेंटरची खोली त्यांना तालमीसाठी मिळाली आहे. ते ड्रम आत नेतील, लेनीचे अ‍ॅम्प मांडतील. लेनी हीसुद्धा इथलीच, दोनच वर्षांपूर्वी याच शहरात सुरू झालेली कंपनी.

त्यांना सामान लावू द्या. तेवढ्या वेळात तुम्ही चार वर्षं मागे जाऊन या.

१९६५. याच शहरातला पत्र्याचं काम करणारा एक कारखाना. टोनी सतरा वर्षांचा आहे आणि आज त्याचा इथला शेवटचा दिवस. एका बँडबरोबर युरोपला जायचं ठरलंय. दुपारी जेवायला घरी गेला तेव्हा परत यायचं त्याच्या मनात नव्हतं, पण आईने बजावलं की नोकरी सोडायची ती दिवस पुरा करून. त्याचं काम वेल्डिंगचं. त्याच्या आधीच्या टप्प्यावर पत्रा दाबून वाकवणारं यंत्र आहे आणि त्यावरचा कामगार आज आलेला नाही, म्हणून टोनीला तिथे उभं केलंय. त्या यंत्राची त्याला सवय नाही. ओरडून त्याला सावध करावं असं तुम्हाला वाटेल, पण तुमचा आवाज इथे कुणाला ऐकू जाणार नाही. यंत्र उजव्या हातावर येतं, तो हात झटक्याने मागे ओढतो, आणि मधलं बोट व अनामिका यांची टोकं तिथेच राहतात.

टोनी डावखुरा आहे, हे इथे लक्षात घ्या. उजव्या हाताने छेडणाऱ्याची ही बोटं गेली असती तर पिक धरून निभावलं असतं. डावखुऱ्याचा उजवा हात पट्टीवर तारा दाबतो. डॉक्टर सांगतात, गिटार विसर. काही दिवसांनी कारखान्याचा मॅनेजर घरी येतो आणि एक रेकॉर्ड ऐकायला लावतो. वाजवणारा जँगो राइनहार्ट. ऐकून झाल्यावर मॅनेजर सांगतो की आगीत भाजल्यामुळे या माणसाच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती, आणि हे सगळं तो उरलेल्या बोटांवर वाजवतोय.

यापुढचा प्रसंग मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून जरा त्याच्या शेजारी बसा. टोनी फेअरी लिक्विडची, म्हणजे भांडी घासायच्या साबणाची, प्लास्टिकची बाटली वितळवून तिचा गोळा करतो. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्याला भोक पाडतो. सँडपेपरने घासत घासत त्याला बोटाच्या टोपणाचा आकार देतो. घालून पाहतो, पुन्हा घासतो. प्लास्टिक तारेवरून घसरतं, म्हणून जुन्या जाकिटाचं चामडं कापून टोपणावर चिकटवतो. चामडं फार मऊ असेल तर तार त्यात रुतते, फार गुळगुळीत असेल तर निसटते. तो चामडं पुन्हा पुन्हा घासून चकचकीत करतो, योग्य पकड येईपर्यंत. जे हात दिवसभर पत्रा जोडायचे त्यांना हे काम नवं नव्हतं, आणि कुठल्याही संगीतशाळेत ते शिकवलं गेलं नसतं.

टोपणं बसली तरी एक अडचण राहते. टोपणाखालच्या बोटाला तार जाणवत नाही. किती दाबलं ते बोट सांगत नाही, ते कानाने ओळखायचं. शिवाय जाड तारा दाबताना कळ येते. बाजारात पातळ तारांचा संच मिळत नाही, म्हणून तो बँजोच्या पातळ तारा आणून गिटारला चढवतो. तारांचा ताण कमी होतो, सूर सहज ओढता येतो, आणि सुराला एक हेलकावा मिळतो जो पुढे जगभर त्याची खूण ठरणार आहे.

बोटं तुटली आणि हेवी मेटल जन्माला आलं, असं एका वाक्यात सांगायची रीत पडली आहे. मला ते पटत नाही. अपघाताने हात बदलला, सूर सुचवले नाहीत. गिटारच्या तारा खाली उतरवून अधिक जड आवाज काढायचं तंत्रही या दिवसांतलं नाही. ते १९७१ मध्ये, तिसऱ्या अल्बमच्या वेळी आलं. १९६९ मध्ये टोनीची गिटार नेहमीच्याच पट्टीत लावलेली आहे. अपघाताने दिलं ते एवढंच: शाबूत राहिलेली तर्जनी आणि करंगळी यांच्यावर त्याचा भार जास्त पडू लागला, आणि या दोन बोटांना सोयीचा पडणारा मेळ म्हणजे षड्ज आणि पंचम. त्यात गंधार नसतो. सूर प्रसन्न आहे की उदास हे पाश्चात्त्य मेळात गंधारच सांगतो. तो गाळला की उरतं ते नुसतं सा-प, कुठल्याही भावनेची बाजू न घेणारं. अ‍ॅम्प फुटेस्तोवर चढवला तरी हे दोन सूर गढूळ होत नाहीत. ही जागा ध्यानात ठेवा. गंधार हाताने गाळला. आता त्या तालमीच्या खोलीत पंचमही जाणार आहे, आणि तो मात्र कानाने.

परतीच्या वाटेवर डिसेंबर १९६८ मध्ये घटकाभर डोकवा. टोनी लंडनमध्ये आहे, जेथ्रो टल या गाजू लागलेल्या बँडमध्ये. तिथे तो फार दिवस टिकत नाही. जुन्या सोबत्यांकडे परततो, पण येताना एक सवय घेऊन येतो: सकाळी नऊला तालमीला बसायचं, नोकरीला जावं तसं. म्हणून आज ही व्हॅन इतक्या लवकर आली.

आता खोलीत या. खरं तर एक दिवस आधीच या, कारण गाण्याचं पहिलं बी तालमीच्या कडेला पडलंय. गीझर बास गिटार घेऊन एकटाच काहीतरी वाजवतोय. तो बासवर नवखा आहे. या बँडमध्ये येईपर्यंत तो गिटार वाजवायचा, म्हणूनच बासवरही धून वाजवायचा मोह त्याला सुटत नाही. ही धून गुस्ताव होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंद रचनेतली आहे, तिच्यातल्या ‘मार्स’ या पहिल्या भागातली. होल्स्टने मंगळावरचा हा भाग पहिलं महायुद्ध पेटण्याच्या तोंडावर, १९१४ मध्ये लिहिला. पाच मात्रांचा ठोका न थांबता चालू राहतो आणि त्यावर खालच्या षड्जापासून एक आवाज उठतो, पंचमापर्यंत चढतो आणि तिथून अर्ध्या सुराने घसरतो. पंचमाखाली अर्धा सूर म्हणजे तीव्र मध्यम. गीझर ते पुन्हा पुन्हा वाजवतो. टोनी जवळच आहे. तो काही बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी टोनी गिटार उचलतो आणि तीन सूर वाजवतो.

हे तीन सूर शब्दांत सांगण्यापेक्षा पेटीवर दाखवणं सोपं. खालच्या सप्तकातली पांढरी पाच दाबा, थांबा. तिचीच वरच्या सप्तकातली पांढरी पाच दाबा, थांबा. मग त्या दोघींच्या बरोबर मधोमध असलेली काळी एक. पांढरी पाचला सा मानलं तर सा, तार सा, तीव्र म. बस, एवढंच. टोनीच्या हातात तिसरा सूर स्थिर राहत नाही, तो थरथरतो, कारण शेजारच्या सुराला स्पर्श करत तो त्याला हलवत ठेवतो.

‘बरोबर मधोमध’ हे शब्द मी अलंकारासाठी वापरले नाहीत. सप्तकात बारा अर्धे सूर. पांढरी पाचपासून काळी एकपर्यंत सहा, आणि काळी एकपासून वरच्या पांढरी पाचपर्यंत पुन्हा सहा. कुठूनही मोजा, अंतर सारखं. इतर कुठल्याही सुराला घराची ओढ एका बाजूने जास्त असते, म्हणून कान त्याच्याबरोबर निर्धास्त चालतो. हा सूर मात्र दोन्ही घरांपासून सारखाच लांब उभा असतो. मध्ययुगात चर्चने सैतानाचा सूर म्हणून यावर बंदी घातली होती, असं मेटलच्या प्रत्येक माहितीपटात सांगतात. अशा बंदीचा पुरावा नाही. त्याला सैतानाची उपमा देण्याची परंपरा आहे, ती संगीतशास्त्रावरच्या पुस्तकांतली आणि बरीच नंतरची. आपल्याकडे तर हाच सूर मारव्यात षड्जासमोर उभा राहतो, पंचम वर्ज्य असतो, आणि दिवेलागणीची ती हुरहूर ऐकायला लोक मुद्दाम बैठकीला जातात. त्यामुळे मराठी कानाला टोनीचा सूर परका वाटायचं कारण नाही. परकी वाटेल ती त्याची मांडणी. मारव्यात तीव्र मध्यमाच्या आगेमागे सुरांची ये-जा असते. इथे आगेमागे कुणी नाही. तीन सूर आणि त्यांच्यामध्ये शांतता.

खोलीतल्या बाकीच्यांकडे बघा. हे चौघे काही महिने फक्त ब्लूज वाजवत आलेत. बारा बारचा साचा त्यांच्या हाडात मुरलाय: चार बार घरात, मग मध्यमाकडे जायचं, परत यायचं, पंचमाला शिवून पुन्हा घर. त्यांची बोटं आता सवयीने पुढच्या मेळाकडे जायला हवीत. टोनी जात नाही. तो तेच तीन सूर पुन्हा वाजवतो, आणि पुन्हा. गाणं कुठेही जात नाही. प्रयोग म्हणतात तो नेमका या क्षणी घडतो. विचित्र आवाज काढण्याला किंवा अवघड ताल रचण्याला मी इथे प्रयोग म्हणत नाही. ज्या गोष्टीत आपण तरबेज आहोत, ज्यावर पबमधले लोक टाळ्या देतात, ती खाली ठेवून उरलेल्या थोडक्यावर उभं राहणं, हा या चौघांचा प्रयोग होता.

आणि तो टोनी एकट्याचा नाही. बिल वॉर्डच्या जागी दुसरा एखादा ड्रमवाला असता तर त्याने इथे सरळ ठेका धरला असता आणि गाणं संपलं असतं, मंद गतीचं आणखी एक रॉक गाणं बनून. बिलचे आदर्श जीन क्रूपा आणि बडी रिच, म्हणजे जॅझवाले. त्याला ठेका चालवण्यापेक्षा संवाद करण्याची सवय आहे. गिटार बोलते तेव्हा तो जड हाताने टॉम आणि झांज वाजवतो, सूर विरू लागला की हात आवरतो, आणि त्या रिकाम्या जागेत अचानक दोन-चार आघात टाकून पुन्हा गप्प होतो. तुम्ही त्याच्या मागे उभे राहून पुढचा आघात कधी येईल याचा अंदाज बांधायचा प्रयत्न करा. तुमचा अंदाज चुकत राहील, आणि गाण्यातली भीती तिथूनच येते. गीझर गिटारच्या रेघेवरच चालतो, पण एक सप्तक खाली, आणि मध्येच तार ओढून सूर किंचित हलवतो. दोघं मिळून एकच सूर धरतात तेव्हा खोलीची जमीन थरथरते.

कुणी काही लिहून घेत नाही. स्वरलिपी नाही, आवर्तनांचा हिशोब नाही. एकमेकांच्या चेहऱ्याकडे आणि हाताकडे बघून ठरतं. कडव्याच्या वेळी आवाज खाली आणायचा, गाणाऱ्याला जागा द्यायची, मग एकदम सगळ्यांनी पुन्हा कोसळायचं, हे बोलून ठरवल्यापेक्षा वाजवता वाजवता पक्कं होत जातं. अंगावर काटा आला होता, असं टोनीने पुढे मुलाखतींमधून अनेकदा सांगितलं. आपल्या हाती काहीतरी वेगळं लागलंय हे चौघांना त्याच खोलीत कळलं. पुढे अल्बमवर गाण्यांचं श्रेय छापलं गेलं ते चौघांच्या नावावर, आणि ते योग्यच होतं.

शब्दांसाठी तुम्हाला गीझरच्या घरी जावं लागेल, रात्री. आयरिश कॅथलिक घरातला मुलगा, लहानपणी पाद्री व्हायचं म्हणणारा. आता गूढविद्येवरची पुस्तकं वाचतो आणि राहत्या खोलीच्या भिंती त्याने काळ्या रंगवल्यात. ऑझीने त्याला असंच एक जुनं पुस्तक दिलं होतं. ते कपाटात ठेवून तो झोपला. मध्येच जाग आली तेव्हा पायथ्याशी एक काळी आकृती उभी. घाबरून उठला, आकृती नाहीशी झाली, कपाट उघडलं तर पुस्तक नव्हतं. हे त्याचं स्वतःचं सांगणं आहे. तुम्ही त्या खोलीत अंधारात उभे राहिलात तरी खरं काय ते तुम्हाला कळणार नाही, आणि गाण्याला त्याची गरजही नाही. गरज होती ती या गोष्टीची की गीझरने घाबरून हे ऑझीला सांगितलं आणि तालमीत ते तीन सूर सुरू झाले तेव्हा ऑझीला हीच गोष्ट आठवली. समोर उभं असलेलं हे काय आहे, असं विचारणारा माणूस त्याच्या तोंडून गाऊ लागला.

ऑझीचा आवाज नीट ऐका. हा मुलगा कत्तलखान्यात काम करून आला आहे, मोटारींचे हॉर्न तपासायच्या कामावर होता, घरफोडीसाठी काही आठवडे तुरुंगातही राहून आला आहे. गायनाचं शिक्षण शून्य. कडव्यात त्याला जेमतेम दोन-चार सुरांत फिरायचं असतं. तो जवळजवळ बोलतोच, पण उंच, ताणलेल्या आवाजात. खाली बास आणि गिटार पाताळात, वर हा एकटा, आणि मध्ये काहीच नाही. मधला सगळा पट्टा मोकळा सोडल्यामुळे तो आवाज उघड्यावर सापडलेल्या माणसाचा वाटतो. लोकांनी पुढे या गाण्याला सैतानपूजेचं गाणं म्हटलं. शब्द ऐका, त्यातला माणूस देवाकडे मदत मागतोय. तो पूजा करत नाहीये, पळून जायची वाट शोधतोय.

पण पळायचं तर गाण्याला पाय हवेत. चौघांना हे कळतं, आणि म्हणून शेवटचा भाग येतो. इतका वेळ रांगणारं गाणं अचानक दौडू लागतं, ठेका घोड्याच्या टापांसारखा, तिहेरी, आणि टोनी एकलवादनात सुटतो. आधीची मिनिटं ज्यांनी कान देऊन ऐकली त्यांनाच या वेगाचा अर्थ लागतो. फक्त हा भाग वाजवला तर तो त्या काळातल्या कितीतरी बँडांचा वाटेल. बिलचे जॅझचे हात, टोनीचं ब्लूजचं शिक्षण, जे सुरुवातीला खाली ठेवलं होतं, ते सगळं इथे परत उचललं जातं.

बाहेर या. रस्त्यापलीकडे सिनेमागृह आहे आणि तिथे भुताखेतांच्या सिनेमासाठी रांग लागते. तिथे लागलेल्या मारिओ बाव्हाच्या १९६३ च्या चित्रपटात बोरिस कार्लोफ आहे आणि इंग्रजी नाव ‘ब्लॅक सबाथ’. घाबरायला लोक पैसे मोजतात, मग घाबरवणारं संगीत का नको, असा विचार चौघांच्या बोलण्यात आला. चित्रपटाचं नाव आधी गाण्याला मिळालं. ‘अर्थ’ नावाचा आणखी एक बँड देशात फिरतोय आणि घोटाळे होताहेत, म्हणून ऑगस्ट १९६९ मध्ये तेच नाव बँडलाही मिळालं. गाण्याने वाजवणाऱ्यांचं नाव ठरवलं. ऑझीच्या वडिलांनी, जे कारखान्यात हत्यारं घडवणारे कारागीर होते, चौघांसाठी धातूचे क्रूस बनवून दिले. ते पुढे जगाला मंचावरची शोभा वाटले. ती एका बापाने पोरांना दिलेली राखण होती.

लिचफील्डच्या छोट्या पबमध्ये त्यांनी हे गाणं सुरुवातीला वाजवलं तेव्हा लोक अक्षरशः वेडे झाले, असं गीझर सांगतो. हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमधले दिवस मी भराभर ओलांडतो. तिथे दिवसात अनेक खेळ करावे लागायचे आणि गाणी ताणून ताणून वाजवावी लागायची, त्यातून बोटं तयार झाली एवढं पुरे.

ऑक्टोबर १९६९, लंडन, रीजंट साउंड स्टुडिओ. वेळ एक दिवस. अल्बमचा सगळा खर्च सहाशे पौंडांच्या घरात. निर्माता रॉजर बेन, ध्वनिमुद्रण टॉम ॲलम यांच्याकडे. दुसऱ्या दिवशी बँड युरोपच्या वाटेला लागणार, म्हणून पुन्हा येऊन दुरुस्त्या करू अशी सोय नाही. चौघे मंचावर वाजवतात तसंच एकत्र वाजवतात, ऑझी शेजारच्या कक्षात उभा राहून त्याच वेळी गातो. एक गाणं होतं आणि टोनीच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा पिकअप बंद पडतो. तो दुसरी गिटार उचलतो, गिब्सन एसजी. राखीव म्हणून आणलेली. तिचा आवाज जाड, गोल, जमिनीला धरून राहणारा. या गाण्यावर तुम्ही ऐकता ती हीच गिटार आणि पुढची कित्येक दशकं टोनीची ओळख झाली तीही एसजीच.

बँड निघून जातो. आता स्टुडिओत थांबा, कारण गाण्याचा शेवटचा तुकडा बँडच्या गैरहजेरीत जोडला जातो. सुरुवातीला पावसाचा आवाज, ढगांचा गडगडाट, दूरवर टोलणारी चर्चची घंटा, सगळं साठवणीतल्या आवाजांमधून आणलेलं. हे चांगलं सुचलं की नाही यावर मी बराच विचार केला आहे. मला वाटतं ते गरजेचं होतं. पबमध्ये ऐकणाऱ्याला खोलीतला अंधार, धूर आणि चौघांचे चेहरे आपोआप मिळायचे, घरी रेकॉर्ड लावणाऱ्याला ते कुठून मिळणार? पाऊस ऐकता ऐकता त्याचा कान खोल जातो, आवाज जरा वाढवला जातो, आणि मग पहिला सूर अंगावर येतो.

रेकॉर्ड आली ती १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी. मुखपृष्ठावर मेपलडरहॅमची जुनी पाणचक्की आणि काळ्या वस्त्रातली बाई. आतल्या बाजूला उलटा क्रूस छापला, बँडला न विचारता, आणि त्यांच्यावर सैतानाचा शिक्का बसला तो कायमचा. समीक्षकांनी झोडपलं. ‘रोलिंग स्टोन’मध्ये लेस्टर बँग्जने त्यांना दुसऱ्यांची हलकी नक्कल ठरवलं. तो चांगला लिहिणारा होता, पण इथे त्याच्या कानाने दगा दिला. तो जे वाजवलं जातंय ते ऐकत होता आणि इथे महत्त्वाचं होतं ते न वाजवलेलं. श्रोत्यांना ते लगेच कळलं. अल्बम ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेला आणि अमेरिकेत तेविसाव्या.

वर्तमानात परतताना जुलै २०२५ मध्ये थांबाल तर पुन्हा ॲस्टनच दिसेल, व्हिला पार्कचं मैदान, आणि तेच चौघे शेवटचे एकत्र. ऑझी खुर्चीत बसून गातोय. त्यानंतर सतरा दिवसांनी तो गेला. त्यांच्या त्या जुन्या पद्धतीवर, मंद गती आणि न सुटणारी एकच सुरावट, आज जगभरात डूम म्हणून ओळखली जाणारी मेटलची एक अख्खी शाखा उभी आहे.

आणि तुमच्यापैकी कुणी पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात गॅरेजमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत जड, प्रयोगशील गाणं लिहायला बसला असाल, तर एक विनंती. नवं पेडल घेण्याआधी आणि सातवी तार लावण्याआधी हे गाणं हेडफोन लावून एकदा ऐका. टोनीकडे आणि ऑझीकडे लक्ष देऊ नका. पहिली तीन मिनिटं फक्त बिल वॉर्डवर कान ठेवा आणि तो कुठे कुठे वाजवत नाही ते टिपून घ्या. मग तुमच्या ड्रमवाल्याला तो कागद दाखवा.